डावरीची पिशवी

“माझा फोन वाजला की तू का उठतोस, दादा?” असं डावरी एकदा भरल्या ताटावरून म्हणाली होती.

दादा तेव्हा खुर्चीतून अर्धा उठलेला होता. एक हात टेबलावर टेकलेला, घास गालात, आणि डोळे खिडकीपाशी ठेवलेल्या तिच्या फोनवर. वहिनी वाढत होती. तिच्या हातातला डाव तसाच हवेत राहिला.

“अगं, कुणीतरी उचलायला नको का?”

“कुणीतरी म्हणजे मी.”

“तू जेवतेयस.”

“आणि तू काय करतोयस, व्यायाम?”

फोन वाजून वाजून गप्प झाला. दादा खाली बसला. त्या घरात वाजलेला फोन न उचलता राहण्याची ती पहिलीच वेळ असावी. 

डावरी ही दादाची धाकटी बहीण. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्याला ती उलट विचारायची, “तुम्ही का केलंत?” आणि समोरचा खरोखरच विचारात पडायचा. खरं नाव तिला होतं, पण हाक मारायला ते कुणी वापरलं नाही. ती डाव्या हाताची, म्हणून डावरी, गल्लीत डावरीताई, वहिनीपुरती वन्सं. शाळेत बाईंनी तिचा डावा हात रिबिनीनं बाकाला बांधला होता, ही गोष्ट सासूबाई हयात असताना वहिनीला पुन्हापुन्हा सांगायच्या. दिवसभर पोरीनं पाटीवर एक रेघ ओढली नाही. दुसऱ्या दिवशी घरून स्वतःच रिबीन घेऊन गेली आणि बाईंपुढे हात धरून उभी राहिली. म्हणाली, “बांधा. मी आजही लिहिणार नाही.” सासूबाई हे सांगताना कपाळावर हात मारायच्या, पण त्यांच्या आवाजात कुठंतरी गुळचट अभिमान असायचा. तो वहिनीला नेहमी ऐकू यायचा.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात डावरी तुरपाईला होती. पँटची खालची कड आत दुमडायची आणि हातानं अशी टाचायची की बाहेरून टाका दिसू नये, एवढंच काम. बायका एका लांब बाकावर खांद्याला खांदा लावून बसत, त्यामुळे हिचा डावा कोपर शेजारणीच्या उजव्या कोपराला सारखा लागे. मुकादम म्हणाला, “बाई, हात बदला.” डावरी म्हणाली, “जागा बदला.” तेव्हापासून बाकाचं डावं टोक, छतातल्या उजेडाच्या काचेखालचं, तिचं झालं. मुकादम निवृत्त झाला, दुसरा आला, बाकही बदलला. टोक मात्र तिचंच राहिलं.

फोनच्या पिशवीची कल्पना तिला तिथंच सुचली. दिवसभर पुरुषांच्या पँटी हातात घ्यायच्या, प्रत्येकीला चार चार खिसे, आणि आपल्या अंगावरच्या कपड्याला एकही नाही. कारखान्यात फोन डब्याच्या पिशवीत घालून खुंटीला टांगावा लागे आणि घरी आला की तो खिडकीजवळच्या टेबलावर जाई. ते टेबल दादाचं.

दादाबद्दलही इथं सांगायला हवं, कारण तो काही दुष्ट माणूस नव्हता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो चौकशीच्या खिडकीत बसायचा. उभा जन्म त्यानं दुसऱ्यांच्या वतीनं उत्तरं दिली. साहेब जागेवर नाहीत, साहेब आज भेटणार नाहीत, तुमचा अर्ज पुढे गेलाय. विचारणारा कोण, विचारतोय कुणाबद्दल, हे कळायच्या आधी त्याच्या तोंडात उत्तर तयार असे. निवृत्त झाल्यावर ती खिडकी त्यानं घरी आणली, एवढंच. दारावर कुणी आलं की “ती झोपलीय” असं तो सांगायचा, आणि वहिनी आत जागी असायची. शेजारीण विचारायची, वहिनी बाजारात येतात का? दादा म्हणायचा, “तिला नाही जमणार.” वहिनीला पुष्कळ वर्षं वाटत होतं की आपल्याला खरंच जमत नाही.

तारेचा फोन होता तेव्हाची एक गोष्ट होती. मुलींच्या एका वसतिगृहात शिवणकाम, विणकाम शिकवायला बाई हवी होती. परगाव होतं, राहायची सोय होती. तिथून डावरीसाठी फोन आला. दादानं उचलला आणि म्हणाला, “तिची तब्येत बरी नसते.” झालं. डावरीला हे पुष्कळ उशिरा कळलं. तेही दादाकडून नाही, तर दुकानात भेटलेल्या, त्या वसतिगृहातल्या एका बाईकडून. “आता बऱ्या आहात ना?” असं त्या बाईनं मायेनं विचारलं होतं. डावरी घरी आली, पायातल्या चपला तशाच, आणि दादासमोर उभी राहिली.

“मला काय झालं होतं रे?”

“कधी?”

“मलाही तेच विचारायचंय. कधी?”

दादाला आठवतच नव्हतं. वहिनीला त्या गोष्टीतलं सगळ्यात भयंकर तेच वाटलं. एका माणसाचं आयुष्य त्यानं चहाच्या दोन घोटांमध्ये वळवून दिलं होतं आणि त्याची साधी आठवणही त्याच्याकडे नव्हती.

तर भरल्या ताटावरच्या त्या प्रश्नानंतर डावरीनं पिशवी विणायला घेतली. गडद निळा जाड दोरा, क्रोशाची बारीक आकड्याची सुई. तळाला साखळी घातली आणि तिच्याभोवती फेऱ्यांवर फेऱ्या, घट्ट. इतक्या घट्ट की वहिनीनं बोट घालून पाहिलं तर नखसुद्धा टाक्यात शिरेना.

“वन्सं, एवढं आवळून? फोन ठेवायचाय की वाघ?”

“फोनच. पण घरात वाघ आहे ना.”

दोघी हसल्या. आतल्या खोलीत दादा खाकरला. दोघी आणखी हसल्या.

क्रोशा वहिनी हिच्याकडूनच शिकली होती, लग्न होऊन आली त्या वर्षी. शेजारी बसून शिकवायला गेलं तर काही जमेना, सगळं उलट. मग डावरी म्हणाली, “समोर बस. आरशात बघतेस तसं माझ्या हातांकडे बघ.” वहिनी समोर बसली आणि हात चालू लागला. तेव्हापासून त्या घरात दोन हात विणत होते, एकमेकांचे आरसे. डावरीची ओळ डावीकडून उजवीकडे जाई, वहिनीची उजवीकडून डावीकडे. टाके एकीचे एका अंगाला कलंडत, दुसरीचे दुसऱ्या. रुमाल पाहून दोघी सांगत, हा तुझा, हा माझा. घरातल्या बाकीच्यांना दोन्ही रुमालच.

पिशवी झाली. पुढच्या बाजूला डावरीनं कारखान्यातलं एक फुटकं बटण शोभेला लावलं आणि गळ्यात घालायला लांब गोफ विणला. दिवसभर फोन छातीवर. पण आंघोळीला जाताना पिशवी काढावीच लागे, आणि डावरीची आंघोळ म्हणजे निवांत काम. तेव्हा तिनं आणखी एक युक्ती केली. पिवळ्या दोऱ्याचा एक तुकडा घ्यायचा आणि पिशवीच्या तोंडाच्या दोन्ही कडा एकत्र धरून क्रोशानंच विणून टाकायच्या. एका ओळीत, दोन मिनिटांत. शेवटचा फास उजव्या टोकाला ओढून लांब ठेवायचा. उघडायचं असलं की ते शेपूट ओढायचं, की सर्रकन सगळी ओळ उसवून पिवळा दोरा हातात.

“मग उपयोग काय?” दादानं विचारलं. “ओढलं की उघडतं. हे कसलं कुलूप?”

“कुलूप नाही ते.”

“मग?”

“उघडता कुणालाही येईल,” डावरी सुई अंबाड्यात खोचत म्हणाली. “मिटता फक्त मला येतं.”

“आता फोनलाही शिवून टाकलं! श्वास घेतोय ना तो आत?”

“घेतोय. इथं घेता येत नाही तेवढा घेतोय.”

दादानं पेपर वर केला. त्याच्या आड तो गेला की बोलणं संपलं असं समजायचं, असा घरचा रिवाज होता.

खोलीबद्दल डावरीनं फक्त वहिनीला सांगितलं होतं. कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहत. त्यांच्या घराच्या वर एक खोली होती, बाहेरून जिना, एक खिडकी, एक मोरी. आधीची भाडेकरीण सोडून जायची होती. “रविवारी सकाळी फोन करीन,” नर्सबाई म्हणाल्या होत्या, “तेव्हा हो म्हणालात तर तुमची. नाहीतर दुसरी एक बाई थांबलीय.”

“कशाला हवीय खोली?” वहिनीनं विचारलं होतं. 

“मला एक दार हवंय,” डावरी म्हणाली. “जे मी आतून लावीन आणि वाजलं तर मी उघडीन.” मग थोडं थांबून, “तू येत जा. तुला उघडीन.”

वहिनीच्या मनात आलं, वन्सं गेल्या तर या घरात दादा, पेपर आणि आपण. इतकी वर्षं स्वयंपाकघरात दुसरं कुणीतरी खिदळत होतं म्हणून हे घर सोसलं, हे तिला त्या क्षणी कळलं. ते कळणं तिला आवडलं नाही.

रविवारी डावरी सकाळपासून फोन गळ्यात घालून घरभर फिरत होती. भाजी निवडली, तरी फोन गळ्यात. जळमटं काढली, तरी गळ्यात. दहा वाजून गेले तरी फोन येईना. केसांत जळमटं, अंगावर धूळ. शेवटी तिनं पिशवीचं तोंड विणून मिटलं, ती पलंगावर उशीपाशी ठेवली आणि न्हायला गेली. मोरीतून पाण्याचा आवाज सुरू झाला. आणि फोन वाजला.

वहिनी दारात होती. दादा तिच्या आधी पलंगापाशी पोचला होता; या वयातही तेवढी चपळाई त्याच्यात फोनपुरती उरली होती.

“असू द्या,” वहिनी म्हणाली. “त्यांचा आहे. बाहेर आल्या की करतील.”

“कुणाचा असेल? रविवारी?” त्यानं पिशवी उचलून घाईत शेपूट सोडून दुसरीकडेच खेचाखेच सुरू केली. टाके आणखी आवळले. “काय हा छळवाद! उघड तू.”

फोन वाजत होता. वहिनीला नंतर स्वतःशी हे कबूल करावं लागलं की तिनं नवऱ्याच्या धाकानं पिशवी हातात घेतली नाही. धाक तर होताच. तो भिंतीसारखा रोजचाच होता. पण त्या आवाजात तिला जिन्यावरून उतरणारी वन्संची पावलं ऐकू येत होती, आणि एक क्षण, फक्त एक, तिला वाटलं, थांबूदे हे. तिनं शेपूट ओढलं. पिवळा दोरा सर्रकन सुटला.

दादानं फोन कानाला लावला. “हां, बोला. मी तिचा मोठा भाऊ.” मग ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग दुखावलेपण, आणि मग तो चौकशीच्या खिडकीतला जुना, नीट इस्त्री केलेला चेहरा. “नाही हो. तिचा विचार बदललाय. घर मोठं आहे आमचं, खोली कशाला? हो, नक्की. द्या तुम्ही दुसऱ्या कुणाला. आभारी आहे.”

बोलणं संपल्यावर त्या फोनची नोंद त्यानं पुसून टाकली. ती विद्या त्याला वहिनीच्या भाच्यानं शिकवली होती.

“खोली घेतेय!” तो दबक्या आवाजात म्हणाला. “माझ्या जिवंतपणी. लोक काय म्हणतील, भावानं या वयात बाहेर काढली? तुला माहीत होतं?”

वहिनीनं पिवळा दोरा बोटाला गुंडाळला.

“बंद कर ते. होतं तसं. तिला कळता कामा नये.”

मोरीत पाणी अजून पडत होतं. वहिनी पलंगाच्या कडेला बसली. उशीपाशीच सुई होती. न्हाताना डावरी अंबाडा सोडी तेव्हा ती तिथं ठेवी. वहिनीनं पिशवीच्या कडा जुळवल्या, पिवळा दोरा घेतला, आणि तिचा हात थांबला.

पिशवी पालथी धरून विणली असती, तर शेवटचं शेपूट डावरी ठेवते त्या बाजूला आलं असतं. टाक्यांची पाठ पुढे दिसली असती खरी, पण वरवर पाहणाऱ्याच्या ते ध्यानात आलं नसतं. वन्सं वरवर पाहणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण न्हाऊन आलेलं माणूस घाईत असतं, एखादवेळी फसलंही असतं. हे सगळं वहिनीला स्पष्ट दिसलं. आजवर तिला स्वतःचं काही कधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

तिनं पिशवी सुलटी धरली, बटण पुढे. आणि उजव्या हातानं, उजवीकडून डावीकडे, आपल्या चालीनं ओळ विणली. एकेक टाका सावकाश. शेवटचा फास ओढला. शेपूट डाव्या टोकाला लोंबू लागलं.

दादानं वाकून पाहिलं. “हुबेहूब,” तो म्हणाला आणि निर्धास्तपणे आपल्या टेबलापाशी जाऊन बसला.

डावरी आली. डोक्याला पंचा, मानेवरून पाणी. आल्या आल्या तिनं पिशवी उचलली, नेहमीच्या सवयीनं शेपटासाठी उजवं टोक चाचपलं. तिथं काही नव्हतं. मग अंगठा तोंडावरून हळूच फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वहिनी दारातच उभी होती.

डावरीनं वर पाहिलं.

“पालथी धरून का नाही विणलीस?” ती म्हणाली. “शेपूट तरी माझ्या बाजूला आलं असतं.”

“सुचलं होतं.”

“मग?”

“नाही धरली.”

डावरी तिच्याकडे बघत राहिली. रागावली का, ते वहिनीला कळलं नाही. कळावं अशी तिनं अपेक्षाही केली नाही. डावरीनं दोरा ओढला, फोन काढला, नंबर लावला आणि तशीच ओली, पलंगाजवळ उभी राहून बोलली. आवाज मुद्दाम मोठा होता.

“नर्सबाई, मी बोलतेय. … हो, कळलं मला. … नाही, माझा विचार बदललेला नाही, कुणीतरी तो परस्पर बदलून दिला. … भाऊच तो. पण बोलणारा तो होता, राहणारी मी आहे. … दुसरी बाई संध्याकाळी येतेय? मग मी तिच्या आधी येते. सामानासकट.”

दादा दारात येऊन उभा राहिला होता. पेपर हातातच.

“मी काही हात लावलेला नाही हं,” तो म्हणाला. कुणी काही विचारलेलं नव्हतं. मग त्यानं बायकोकडे पाहिलं, ती आता काहीतरी सांगेल अशा भरवशानं.

“पिशवी मी उघडली,” वहिनी म्हणाली. “फोन यांनी घेतला. यांनीच सांगितलं, त्या येणार नाहीत म्हणून.” तिनं वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही. “आणि मी जागी असते. सांगतात झोपलीय, तेव्हा मी जागीच असते.”

 या शेवटच्या वाक्याचा संबंध दादाला लागेना. डावरीला लागला. तिनं पंचा काढून खुर्चीवर टाकला आणि पलंगाखालची बॅग ओढली.

सामान फार नव्हतं. कपडे, अंथरूण, शिवणाचा डबा, कात्री. ती कात्री डाव्या हाताची होती. दुसऱ्या कुणी वापरली की कापड कापण्याऐवजी चावायची. वहिनीनं काही न विचारता दोरीवरचे कपडे आणून घड्या घातल्या. एक बाई कपडे भरतेय, दुसरी घड्या घालतेय, आणि मधून पुरुष येरझारा घालतोय, असं बराच वेळ चाललं.

“अगं, पण तुला इथं कमी काय आहे?”

डावरी घड्या दाबत होती.

“मी तुझ्या भल्यासाठीच बोललो. त्या बाईला काय, कुणीही चालेल. उद्या तू आजारी पडलीस तर?”

“नर्स आहे ती,” वहिनी म्हणाली.

“तू गप्प बस!” दादा म्हणाला. आणि वहिनी, का कोण जाणे, हसली. अगदी थोडंसं. पण ते हसू त्या खोलीत बराच वेळ राहिलं.

“लोक विचारतील मला,” दादाचा आवाज आता उतरला होता. “विचारतील, बहीण कुठं गेली? काय सांगू मी त्यांना?”

डावरीनं बॅगेची चेन ओढली. “सांगण्यात तुझा हात कोण धरणार? जन्मभर तेच केलंस. आता एकदा खरं सांगून बघ, जमतंय का.”

दादानं खुर्ची ओढली आणि बसला. एकदम म्हातारा दिसला. वहिनीला त्याची कणव आली, आणि ती आली म्हणून तिला काही वाईट वाटलं नाही. कणव यायची ती येते. पण ती त्याच्यापाशी गेली नाही. बॅगेचा एक बंद डावरीच्या खांद्यावर नीट बसवायला गेली. डावा खांदा. बंद पिळलेला होता, तो तिनं सरळ केला.

डावरीचे केस ओलेच होते, पाठीवर कपडा भिजला होता. तिनं चपला घातल्या. बॅग खांद्याला, शिवणाचा डबा एका हातात, अंथरुणाची वळकटी दुसऱ्या. दार लोटायला हात रिकामा नव्हता, म्हणून वहिनीनं ते उघडून धरलं. जिन्यावर दुपारचं ऊन आलं होतं. खालून कुणाची तरी बादली आपटल्याचा आवाज आला.

“निदान ‘येते’ तरी म्हण,” दादा आतून म्हणाला.

डावरी क्षणभर थांबली. वहिनीला वाटलं, आता म्हणेल. तिच्याकडे बघून डावरीनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाच ठाऊक. मग वळकटी बगलेत आवळली, उंबरा ओलांडला, आणि एक शब्द न बोलता ती जिना उतरून गेली.